बाबांना स्ट्रोक येऊन २४ दिवस झाले, घरी आणलंय, आता पुढे काय? (सिंहगड रोड, पुणे)

धायरीची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा ६९ वर्षांचे. बीपी आहे, पण "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी मधेमधे सोडायचे. त्या दिवशी पहाटे साडेपाचला दुधाच्या पिशव्या आत घेतल्या, आईशी नीट बोलले, आणि सव्वासहाला चहाचा कप डाव्या हातातून सुटला. आईला वाटलं झोप झाली नसेल. मग डावा गाल ओघळल्यासारखा दिसायला लागला, जीभ जड झाली, तेव्हा तिने मला उठवलं. शेजारच्या काकांनी गाडी काढली आणि आम्ही सगळ्यात जवळ म्हणून एका नर्सिंग होमला गेलो. तिथे सीटी स्कॅनच नव्हतं. सलाईन लावलं, ईसीजी काढला, डॉक्टर येतायत येतायत म्हणत पाऊण तास गेला, मग म्हणाले मोठ्या ठिकाणी न्या. तो पाऊण तास अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये मात्र दारातच विचारलं, "शेवटचं एकदम ठीक कधी पाहिलं?" आई म्हणाली साडेपाच, दुधाच्या वेळेला. लगेच सीटी, रक्तस्राव नाही, गुठळी आहे, आणि साडेआठच्या सुमाराला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. नऊ दिवस स्ट्रोक युनिटमध्ये होते, तिथल्या लोकांचे उपकार फिटायचे नाहीत.

आता घरी आलेत. डावा पाय आधार दिला तर टेकतो, डावा हात जवळजवळ नाहीच. पण मला जे समजत नाहीये ते वेगळंच आहे. बाबा ताटातलं अर्धंच जेवतात. भाजी, आमटी संपवतात, चटणी, कोशिंबीर तशीच पडलेली असते, वर म्हणतात "आज लिंबू वाढलं नाहीस का गं", आणि लिंबू तिथेच ताटात असतं. आई म्हणते चव गेली असेल, मला वाटतं नजर गेली. पाणी पिताना ठसका लागतो. अचानक रडतात, कारण विचारलं तर म्हणतात माहीत नाही. रोज कोणीतरी नातेवाईक फोन करून गावाकडचं औषध सांगतो, एकाने तर कबुतराच्या रक्ताने मालिश करा म्हणून सांगितलं.

मी हिंजवडीला नोकरी करते, भाऊ नाशिकला, दिवसभर आई आणि ब्युरोतली मावशी. आई पार दमलीये. फिजिओ दिवसातून किती वेळा लावायचा? पुण्यात अशा पेशंटच्या घरच्यांचा एखादा ग्रुप आहे का, कुणी भेटतं का? आणि आईलाही बीपी आहे, पुन्हा अशी वेळ आली तर आधी कुठे जायचं हे आत्ताच ठरवून ठेवायचंय.

निवृत्त_परिचारिका

ताई, आधी एक सांगते, तुमच्या आईंनी दुधाची वेळ बरोबर सांगितली म्हणून बाबांना ते इंजेक्शन मिळालं. घड्याळ आपल्याला लक्षणं दिसली तेव्हापासून चालू होत नाही, माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून होतं. साडेपाचला सुरू, म्हणजे दहाला इंजेक्शनच्या मुदतीचे साडेचार तास भरत होते, तुम्ही त्याच्या आत पोचलात. मी नर्सिंगला लागले तेव्हा या आजाराला करण्यासारखं फार काही नसायचं, कूस बदलायची आणि वाट बघायची. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेज या औषधाला अमेरिकेत स्ट्रोकसाठी १९९६ साली मान्यता मिळाली, तेव्हा ३ तासांची मुदत होती, २००८ च्या अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर आली. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढतात, ते २०१५ नंतर रुळलं आणि निवडक पेशंटमध्ये आता २४ तासांपर्यंतही करतात. पण म्हणून थांबायचं नसतं, मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला साधारण १९ लाख मेंदूपेशी मरतात. तुमचा पाऊण तास मला म्हणून कळतो.

आता ताटाचं. चवही गेली नाहीये आणि डोळेही ठीक असतील. बाबांची डावी बाजू गेली म्हणजे मार मेंदूच्या उजव्या बाजूला बसलाय. त्यात कधीकधी माणसाच्या लेखी डावीकडचं जगच उरत नाही, याला निग्लेक्ट म्हणतात. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात, म्हणून तेवढंच राहतंय. असे पेशंट दाढीही अर्धीच करतात, डावा हात अंगाखाली दबला तरी कळत नाही, चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतात. तुम्ही बघा, असं काही होतंय का.

काय करायचं तर ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबीन किंवा लाल टेप लावा आणि जेवायच्या आधी म्हणा "बाबा, आधी लाल पट्टी शोधा". बोलताना, टीव्ही लावताना, नातवंडांना बसवताना मुद्दाम डावीकडून. पण पाण्याचा ग्लास, घंटी, मोबाईल म्हणजे गरजेच्या वस्तू उजवीकडेच ठेवा, तिथे शिकवायला जाऊ नका. आणि गॅसजवळ, जिन्यावर एकटं सोडू नका.

ठसक्याचं मनावर घ्या. अन्न-पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि स्ट्रोकमधून वाचलेली माणसं आम्ही त्याने घालवलीयेत. युनिटमध्ये पहिला घास द्यायच्या आधी चमच्याने पाणी पाजून तपासतात ते याचसाठी. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, तो गिळल्यावरच पुढचा, जेवताना गप्पा नाहीत, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्यापेक्षा दाट ताक, लापशी, मऊ खिचडी सोपी जाते. पण किती दाट द्यायचं हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या, हे लोक नुसतं बोलायला शिकवत नाहीत, गिळणंही त्यांच्याकडेच असतं. धनकवडीला भारती विद्यापीठाचं या विषयाचं कॉलेज आहे, तुम्हाला धायरीहून जवळ पडेल, चौकशी करा. ताप आला किंवा खोकल्याचा आवाज ओला वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणखी एक, मावशींना पहिल्या दिवशीच सांगा, उठवताना डाव्या हाताला धरून ओढायचं नाही. लुळ्या हाताचा खांदा सैल असतो, ओढला की सांधा निसटतो आणि मग ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. कमरेला पट्टा बांधून किंवा पाठीला आधार देऊन उठवायचं, झोपवताना हाताखाली उशी.

रडण्याचं डॉक्टरांना नक्की सांगा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं. काहींना मनात काही नसताना नुसतंच रडू फुटतं, तो मेंदूच्या इजेचाच भाग असतो. दोन्हीवर औषध आहे.

वारजे_माळवाडी

ताई, कोणी रागावू नका, पण माझ्या मामांना गावच्या औषधाने खरंच फरक पडला होता. दोन महिन्यात चालायला लागले. तेलाची मालिशही चालू होती. सगळंच टाकाऊ नसतं असं मला वाटतं.

फिजिओ_कोथरूड

वारजेकर दादा, तुमचे मामा चालायला लागले हे खरंच असणार. पण पहिले तीन महिने मेंदू स्वतःच सगळ्यात जास्त सावरत असतो, सूज उतरते, आजूबाजूचा भाग काम उचलतो. त्या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. हलक्या हाताने तेल लावलं तर त्वचेला बरं, माणसाला बरं वाटतं, माझी हरकत नाही. मला भीती वेगळ्याची वाटते. एक म्हणजे जोरात चोळणं, दुसरं म्हणजे त्या गावच्या औषधाच्या पुड्यांपायी रक्त पातळ ठेवायची आणि बीपीची गोळी बंद करणं. माझ्याकडे दुसरा झटका घेऊन आलेले जे पेशंट येतात त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट हीच असते, "चालायला लागले, मग गोळ्या कशाला". आणि कबुतराच्या रक्ताने काहीही होत नाही, जंतुसंसर्गाचा धोका तेवढा वाढतो.

धायरीची लेक, फिजिओ किती वेळा याचं उत्तर: मी दिवसातून एकदा ४५ मिनिटं येईन, उरलेले २३ तास खरा व्यायाम घरातच व्हायला हवा. खुर्चीवरून उठणं-बसणं दिवसात वीस-तीस वेळा, कुणीतरी बाजूला उभं राहून. पोळीचं पीठ डाव्या हाताखाली ठेवून उजव्या हाताने तो हात पुढे-मागे ढकलणं. टॉवेलची घडी. शेंगा निवडणं. कंटाळवाणी यंत्रं नकोत, त्यांना आयुष्यभर जे करायची सवय होती तेच द्या, मेंदू पुन्हा पुन्हा केल्यानेच वाट शोधतो. बाबा काय करायचे? गाडी दुरुस्ती, बाग, पत्ते? त्यातून व्यायाम बसवता येतो.

सहा महिन्यांनी सगळं थांबतं असं कुणी सांगितलं तर पूर्ण खरं मानू नका. वेग कमी होतो हे खरं, पण वर्षानंतरही सुधारणारे मी पाहिलेत. बाथरूममध्ये भिंतीला दांडा आणि कमोडची उंची वाढवणारं सीट मात्र याच आठवड्यात बसवा, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं तर सगळं मागे जातं.

कसबा_पेठेतला

मी पेशंट. ५१ व्या वर्षी झालं, माझी उजवी बाजू आणि वाचा गेली. हे टाइप करायला मला पाऊण तास लागलाय त्यामुळे शब्द चुकले तर समजून घ्या, बायकोने एकदा तपासलंय.

वाचा जाते म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही. मला सगळं समजत होतं. समोरचा माझ्याशी मोठ्याने, तुटक बोलायचा, जसं काय मी बहिरा झालो. "पाणी" म्हणायचं असायचं आणि तोंडातून "चावी" यायचं. स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. पण एकदा घरी आरती चालू होती आणि मी अख्खी आरती म्हटली, शब्द न चुकता. बायको रडायला लागली. थेरपिस्ट म्हणाल्या असं होतं, आरती, पाढे, वारांची नावं, हे पाठ झालेलं वेगळ्या रस्त्याने येतं. मग त्यांनी तिथूनच सुरुवात केली. सोमवार मंगळवार म्हणत म्हणत बुधवारवर थांबवायचं आणि विचारायचं, आज कुठला वार. असं करत करत सात महिन्यांनी मी रिक्षावाल्याला "शनिपार" सांगू शकलो. तो रिक्षावाला मला अजून आठवतो, त्याने घाई केली नाही.

तुमच्या बाबांचं बोलणं शाबूत आहे ना? मग लोक म्हणतील "बरे दिसतायत की". त्यांना आतून बरं वाटत नसणार. मला सगळ्यात जास्त त्रास याचा झाला की हॉस्पिटलमध्ये दहा माणसं आजूबाजूला होती आणि घरी आल्यावर पंधराव्या दिवशी कुणी नाही. मित्र यायचे बंद झाले, वाईट म्हणून नाही, काय बोलायचं कळत नाही म्हणून. तुम्ही त्यांच्या मित्रांना स्वतः फोन करा, सांगा की या, अर्धा तास बसा, पत्ते खेळा, आजाराचं विचारू नका.

ग्रुपचं म्हणाल तर मोठं काही नाही. फिजिओच्या वेटिंगमध्ये ओळख झालेले आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी सारसबागेत भेटतो. दोघं काठीवर, एक वॉकरवर, एकांना त्यांचा मुलगा व्हीलचेअरवर आणतो. बायका वेगळ्या बाकावर बसतात आणि त्यांचं त्या बोलतात, माझी बायको म्हणते तो तास तिला औषधासारखा आहे. पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्या सभा नियमित होतात, ते बघूनच आम्हाला सुचलं की निदान बागेत तरी भेटूया. आईंना घेऊन या. बाबा आले नाहीत तरी आईंना घेऊन या.

वडगाव_सोसायटी_सेक्रेटरी

आधी कुठे जायचं यावर लिहितो. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या आजींना हेच झालं, रात्री अकराला, आणि आम्ही तीन ठिकाणी फिरलो. त्यानंतर आम्ही दोघा-तिघांनी एक शनिवार काढून आजूबाजूच्या पाच हॉस्पिटलना फोन लावले. नावं इथे देत नाही कारण परिस्थिती बदलते, तुम्ही तुमच्या भागातल्यांना स्वतः विचारा. आम्ही असं विचारलं की सीटी रात्री तीन वाजताही चालू असतं का आणि तंत्रज्ञ तिथेच असतो का घरून बोलवावा लागतो, न्यूरोलॉजिस्ट रात्री निदान फोनवर तरी मिळतात का, गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे ठेवलेलं असतं का बाहेरून आणायला लावता, नळी घालून गुठळी काढायची सोय आहे का, नसेल तर पेशंट कुठे पाठवता. दोन ठिकाणी फोन उचलणाऱ्यालाच काही माहीत नव्हतं, ती दोन नावं आम्ही खोडली. इंजेक्शनचं सांगायचं तर टेनेक्टेप्लेज म्हणून जे आता वापरतात ते पुण्यातलीच जेनोव्हा कंपनी बनवते, एका झटक्यात देता येतं, तेव्हा मिळत नाही हे कारण शहरात तरी पटत नाही.

मग जिन्यात एक कागद लावला. त्यावर चेहरा वाकडा होणं, हात गळणं, बोलणं जड होणं, आणि तोल किंवा नजर अचानक जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी वेळ लिहा आणि निघा. १०८ फुकट आहे, २०१४ पासून राज्यात चालू आहे, आत डॉक्टर असतो, फोनवर "स्ट्रोक वाटतोय" हा शब्द वापरा. संध्याकाळी सहा ते नऊ सिंहगड रोडला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्या वेळेसाठी आम्ही वेगळं हॉस्पिटल लिहिलंय. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, घरातली अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण सीटी होईपर्यंत आत गुठळी आहे की रक्त वाहतंय हे कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक स्ट्रोक गुठळीचे असतात पण जो रक्तस्रावाचा असतो त्यात ती गोळी घात करते. व्हॉट्सअ‍ॅपवर सुईने बोटं टोचून रक्त काढायचा जो मेसेज फिरतो तो कृपया कुणी पुढे पाठवू नका, आमच्या आजींची दहा बोटं टोचण्यात वीस मिनिटं गेली होती.

आणि लक्षणं पाच मिनिटांत आपोआप गेली तरीही त्याच दिवशी दाखवायचं. तो छोटा झटका मोठ्याची सूचना असतो, पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे.

आईंचं वजन, त्यांच्या गोळ्यांची यादी, जुना ईसीजी, आधार आणि विम्याचं कार्ड हे एका पिशवीत दाराच्या खुंटीला लावून ठेवा. इंजेक्शनचा डोस वजनावर असतो.

रास्ता_पेठ_हिशोब

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनिसाचा) काउंटर असतो, अ‍ॅडमिट होतानाच तिथे जायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या पेशंटसाठी ठेवायच्या असतात, समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन विचारा. हात-पाय पूर्ण भरून आले नाहीत तर पुढे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करता येतो. फिजिओचा खर्च बरेच विमे देत नाहीत, डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च देणारी पॉलिसी असेल तर बिलं जपून ठेवा.

निवृत्त_परिचारिका

एक राहिलं, ताई. स्ट्रोक कशामुळे आला ते सापडलं का? मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हृदयाची लय तपासायला होल्टर, हे झालंय का डिस्चार्ज कार्डवर बघा. हृदयाची लय अनियमित असेल तर स्ट्रोकचा धोका जवळजवळ पाचपट असतो आणि त्याची गोळी वेगळी असते. आणि आईंचं बीपी आज संध्याकाळीच मोजा. सेवा करणाऱ्या बाईची स्वतःची गोळी पहिल्यांदा चुकते, हे मी फार घरात पाहिलंय.

धायरीची_लेक

सगळ्यांची उत्तरं काल रात्री दोनदा वाचली. आईला मोठ्याने वाचून दाखवली. कसबा पेठेतल्या दादांचं वाचताना ती उठून आत गेली, मग थोड्या वेळाने येऊन म्हणाली, पुढचं वाच.

आईचं बीपी मोजलं, १६८ वर ९६. गोळी संपून सहा दिवस झाले होते, कुणाला बोललीच नाही. आज सकाळी आमच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी चालू झाली, उद्या दाखवायला जातोय. बाबांची होल्टर राहिलीये, तीही उद्याच विचारते.

आणि लाल टेप लावली. माझ्याकडे भावाच्या क्रिकेट बॅटची होती तीच. दुपारी जेवायला बसताना म्हटलं बाबा, लाल पट्टी शोधा. पहिल्यांदा मान वळलीच नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि तिकडून हाक मारली, तेव्हा हळूहळू वळले, टेप दिसली, मग लिंबू दिसलं. "अरे, हे आहे की इथे." मग लिंबू स्वतः उचललं आणि उजव्याच हाताने आमटीवर पिळलं. बी पडली ती पण काढली.

फिजिओ ताई-दादा जे असाल ते, बाबा पीएमपीएमएलमध्ये, म्हणजे पुण्याच्या सिटी बसकडे, मेकॅनिक होते, ३२ वर्षं. नट-बोल्टचा डबा माळ्यावर आहे, तो काढू का?

कसबा पेठेतले दादा, रविवारी किती वाजता भेटता? व्हीलचेअर आत नेता येते का?

फिजिओ_कोथरूड

आजच काढा. मोठ्या मापाचे नट आधी, बारीक नंतर. डबा त्यांच्या डावीकडे ठेवायचा.

कसबा_पेठेतला

साडेसात. येते आत. मी गेटवर थांबतो, हातात निळी काठी.